दारामागच्या फुल्या

९ जानेवारी

ताई,

नमस्कार लिहीत नाही. तू घ्यायची नाहीस आणि मी उगाच वाकलेली राहीन.

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. आईशी बोलतेस हे मला कळतं, कारण तुझा फोन आला की ती बाल्कनीत जाते आणि आत येऊन न विचारता सांगते, "कुणाचा नव्हता." म्हणून हे पत्र. पत्र तू फाडू शकतेस, पण त्यासाठी निदान हातात तरी घ्यावं लागेल.

लॅबमध्ये बसून लिहितेय. कवळी आधी मेणात घडवायची, मग लोखंडी डब्यात आवळून गरम पाण्यात शिजवायची, तेव्हा मेणाच्या जागी पक्कं प्लास्टिक होतं. हे मी तुला पूर्वी दहा वेळा सांगितलंय आणि तू दहाही वेळा जांभई दिली आहेस. शिजायला दोन तास लागतात. तेवढ्या वेळात बाकीच्या जणी फोन बघतात. पॉलिश आज डुलकी काढतेय. पॉलिश म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरची, कवळ्या घासून चकचकीत करते ती. तिचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू येतं.

बातमी अशी की नवं कॅलेंडर लावलं. स्वयंपाकघराच्या दारामागे, खिळा तोच. पेनाला नवी दोरी बांधली.

आईने ही पद्धत का काढली ते तुला सांगायला नको, पण मला लिहावंसं वाटतंय. ती पहाटे शिलाईच्या कारखान्यात जायची, आपण उठायच्या आत तिची बस गेलेली असायची. आपल्याशी असल्या गोष्टी बोलायची तिला लाजही होती आणि वेळही नव्हता. म्हणून दारामागे कॅलेंडर आणि दोरीला पेन. पाळी आली की तू गोल ठिपका काढायचा, मी फुली. संध्याकाळी आली की ती चपला काढायच्या आधी दारामागे डोकवायची. खूण दिसली की तिचे खांदे खाली यायचे. चार दिवस उशीर झाला की भांडी आपटायची. एका शब्दाने कधी विचारलं नाही. बाकीचं सगळं मला तूच शिकवलंस, कपड्यापासून पोटावरच्या गरम पाण्याच्या पिशवीपर्यंत.

आता ती एकाहत्तरची आहे, माझ्याकडे राहते, गुडघे गेलेत, तरी दारामागे डोकावते. माझं लग्न होऊन पंधरा वर्षं झाली तरी. सवय म्हणून. परवा म्हणाली, "नव्या कॅलेंडरवर तुझं काही दिसत नाही गं." मी पेन घेतलं आणि सहा तारखेवर फुली काढली. ती खूश झाली आणि चहा टाकायला गेली.

ताई, ती फुली खोटी आहे. गेल्या एप्रिलपासूनच्या सगळ्या खोट्या आहेत.

तू गेलीस त्यानंतर दोन महिन्यांनी मी तांबी बसवून घेतली. सगळे तांबीच म्हणतात, पण हिच्यात तांबं नाही, हार्मोन आहे. थेंबथेंब सुटतं म्हणे, काही वर्षं पुरतं. बसवताना दुखलं. पहिले पाच-सहा महिने रोज थोडं थोडं लाल दिसत राहिलं, नळ नीट बंद झाला नसावा तसं. मग कमी झालं. मग एप्रिलमध्ये काहीच नाही. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं की असं होऊ शकतं, पुष्कळ जणींचं होतं, काढली की पाळी परत येते. "आतलं अस्तर पातळच राहतं. साठतच नाही, तर पडणार काय?" हे त्यांचे शब्द. मी मान हलवली.

आईला हे सांगायची सोय नाही. तिच्या मते पाळी थांबली की रक्त आत साठतं आणि गाठ होते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईची झाली होती, तिला दुसऱ्याच कशाने झाली होती, पण आईला कोण समजावणार. म्हणून मी दर अठ्ठावीस दिवसांनी फुली काढते. मोजून. कवळीतले दात मोजून लावते तशी.

डबा काढायची वेळ झाली. आजचा दातवाला एक निवृत्त बँड मास्तर आहे, त्याला पुन्हा तुतारी वाजवायची आहे. समोरचे दात हलायला नकोत.

धाकटी

२ फेब्रुवारी

ताई,

काल एक तारीख होती. दर एक तारखेला मी काय करते ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यालासुद्धा नाही. तो दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो, अडकलेल्या माणसांना बाहेर काढतो, घरी आल्यावर त्याला कुणी अडकलेलं नको असतं.

एक तारखेला लॅबच्या दोन स्टॉप आधी उतरते. तिथल्या मेडिकलमध्ये मला कुणी ओळखत नाही. निदान सुरुवातीला ओळखत नव्हतं. आता तो माणूस मला बघितलं की न विचारता तपासणीची पट्टी काउंटरवर ठेवतो. त्याला वाटत असेल बाई मुलासाठी झुरतेय. एकदा म्हणाला, "होईल, ताई. धीर धरा." मी थँक्यू म्हणाले.

मग लॅबच्या बाथरूममध्ये. पाच मिनिटं. एक रेघ. पट्टी कागदात गुंडाळून प्लास्टरच्या कचऱ्यात टाकते, तिथे कुणी हात घालत नाही. मग येऊन दात लावते.

ही तांबी असताना दिवस राहायची शक्यता वर्षात शंभरात एकीलाही नाही. हे मला पाठ आहे. तरी दर महिन्याला वाटतं, ती एक मी. पूर्वी फुली यायची आणि संपायचं. पोटात दुखायचं, कंबर धरायची, चिडचिड व्हायची, पण संपायचं. महिनाभराची सुट्टी. आता काहीच येत नाही. ना दुखणं, ना डाग. कुणी सांगतच नाही की नाहीये म्हणून.

तुझं उलट होतं, नाही का? आईच्या घरी असताना ठिपका म्हणजे तुझीही सुट्टी होती. लग्नानंतर तोच ठिपका तुला नको झाला. आठ वर्षं. चार वेळा ते सगळे उपचार, पोटावर इंजेक्शनं, भावोजी घड्याळ लावून द्यायचे ती. चारही वेळा ठिपका. चौथ्या वेळी फोनवर तू नुसती म्हणालीस, "काढ तिकडच्या कॅलेंडरवर माझा ठिपका." मी काढला होता.

आणि पुढच्याच उन्हाळ्यात मला दिवस गेले. ठरवून नाही. आमच्या दोघांच्या गबाळेपणामुळे. आमची भिंगरी दहा वर्षांची झाली होती, तिच्या बाळंतपणाच्या वेळी माझं काय झालं होतं तुला ठाऊक आहे. रक्त थांबत नव्हतं, तूच रक्तपेढीत धावलीस. मला पुन्हा ते नको होतं. ह्यालाही नको होतं. आम्ही दोघं दवाखान्यात गेलो आणि मी मोकळी होऊन आले. तुला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

पण मी मूर्ख. कॅलेंडर तसंच ठेवलं. मेची फुली आहे, जूनची नाही, जुलैची नाही आणि ऑगस्टच्या चार तारखेला फुली अशी की कागद फाटलेला. कुणी दुसरं असतं तर त्याला काय कळणार होतं? तू आईला भेटायला आलीस, हात पुसायला दारामागचा टॉवेल ओढलास आणि तिथेच उभी राहिलीस. तुला वाचायला तीन सेकंद लागली असतील. आपल्या तिघींशिवाय हे वाचता येणारं माणूसच नाही.

तू विचारलंस, "मला का नाही विचारलंस?"

मी काय उत्तर दिलं ते तू विसरली नसशील. म्हणाले, "तुला काय विचारायचं? पोट माझं होतं."

तू टॉवेल परत खिळ्याला लावलास. नीट, दोन्ही टोकं जुळवून. आणि गेलीस.

मला तेव्हा काही वाटलं नाही. म्हणजे वाटायला हवं होतं हे कळत होतं. दात काढायच्या आधी भूल देतात ना, तेव्हा ओठ जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसं झालंय. पहिल्यांदा वाटलं दोन दिवसांत उतरेल.

धाकटी

६ मार्च

ताई,

काल मी फार मोठा मूर्खपणा केला. तू असतीस तर हसली असतीस.

दहा-बारा दिवस मला मळमळत होतं. कवळीच्या पावडरीत घालायच्या पातळ औषधाला उग्र वास असतो, चौदा वर्षांत मला तो जाणवला नव्हता. परवा जाणवला. छाती जड. डाव्या बाजूला ओटीपोटात टोचत होतं आणि सकाळी कपड्यावर तपकिरी डाग. दहा-अकरा महिन्यांनी पहिला. एक तारखेची पट्टी एका रेघेची होती, पण मी ती उजेडात नेऊन इतका वेळ बघितली की दुसरी रेघ दिसायला लागली. बघितलं की दिसते. डोळे मिटले तरी दिसते.

पॉलिशने माझा हात चुकताना पाहिला. समोरचा दात मी उलटा लावला होता. ती म्हणाली, "काय झालंय तुला? पांढरी पडली आहेस." मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "काही नाही वाल्या बायका मी रोज आरशात बघते. चल." एप्रन तसाच घालून मला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शेवटची पाळी कधी?"

मी म्हटलं, "तीन मार्च."

"म्हणजे परवा? नेहमीसारखी?"

"हो, नेहमीसारखी. अठ्ठावीस दिवसांनी. त्याआधी तीन फेब्रुवारी, त्याआधी सहा जानेवारी."

त्या लिहायला लागल्या. खूश दिसल्या. इतकी ठाम तारीख सांगणारी बाई त्यांना क्वचित भेटत असेल. मी खोटं बोलत नव्हते, ताई. मला खरंच वाटलं की आली होती. दारामागे फुली आहे म्हणजे आली असणार. मी तपासायच्या टेबलावर चढले, पाय वर घेतले, छताकडे बघितलं, तिथे पाण्याचा डाग होता, आणि तो बघताबघता माझ्या लक्षात आलं की मी दहा महिने स्वतःच्याच हाताने काढलेल्या खुणा वाचतेय.

म्हटलं, "बाई, तारखा खोट्या आहेत."

त्यांनी हातातलं खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं, आईचं, कॅलेंडरचं. रागावतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "कॅलेंडरला काय फसवायचं ते फसवा. मला नका फसवू. तीन तारखेला पाळी असं मी धरून चालले असते तर हा डाग मी तसाच सोडून दिला असता." मग सांगितलं की अशी तांबी असताना दिवस राहणं अगदी विरळा, पण राहिलेच तर गर्भ पिशवीऐवजी नळीत असण्याची भीती जास्त. म्हणून दुखणं आणि डाग दोन्ही असताना गप्प घरी बसायचं नसतं. लघवी तपासायला दिली. तांबीच्या दोऱ्या जागेवर आहेत का ते बघितलं. होत्या. मग सोनोग्राफीला नंबर लावला आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. वीस मिनिटं.

आता जे लिहिते ते नंतर माझ्या तोंडावर मारू नकोस.

त्या वीस मिनिटांत मी ते तुला देऊन टाकलं.

मनात. सगळं ठरवलं. नळीत नाहीये असं धरून चालले. ह्या वेळी ताईला पहिल्यांदा सांगायचं. रक्त गेलं तर गेलं. नऊ महिने काढायचे, मग तुझ्या हातात द्यायचं आणि मावशी व्हायचं. कपाटातला भिंगरीचा लोकरीचा टोप कुठल्या खणात आहे तेही आठवलं. पॉलिश शेजारी शेंगदाणे खात होती. तिने पुडी पुढे केली, मी दोन घेतले.

मग आत बोलावलं. पडद्यावर ती दिसली, लहानशी, इंग्रजी टी अक्षरासारखी, जिथल्या तिथे. बाकी काही नाही. लघवीची तपासणीही कोरी. डाव्या बाजूला पाण्याची बारीक गाठ आहे, ह्या तांबीत ती होते आणि आपोआप जाते, दोन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. मळमळ मी स्वतःच ओढवून घेतली होती बहुधा. दहा दिवस धड जेवले नव्हते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुटलात."

मी हो म्हणाले. कपडे घातले. पॉलिशबरोबर परत आले, उलटा लावलेला दात काढून सुलटा लावला. सुटल्यासारखं वाटलं नाही. काही गेल्यासारखंही वाटलं नाही. दोन्ही वाटायला हवं होतं.

तू विचारलं होतंस त्याचं खरं उत्तर लिहिते. मला का नाही विचारलंस. कारण तू हो म्हणाली असतीस. मी विचारलं असतं तर तू रात्रीतून बॅग भरून आली असतीस, मला पायाखाली उशी दिली असतीस, आणि मग मला नाही म्हणता आलं नसतं. आणि मग ते पोर तुझ्या घरात वाढताना मी दर आठवड्याला बघितलं असतं आणि मला ते माझं वाटलं असतं. मला मरायची भीती वाटत होती हे खरं आहे. पण ह्या दुसऱ्या गोष्टीची जास्त वाटत होती. म्हणून विचारलं नाही. पोट माझं होतं हे खरंच होतं. ते अजूनही खरं आहे आणि तेव्हा जे केलं ते मी पुन्हाही केलं असतं. पण तुझ्या तोंडावर ते फेकायचं काही कारण नव्हतं.

धाकटी

१९ मार्च

ताई,

छोटं पत्र. आज डबा शिजायला लावलेला नाही, उभ्याउभ्या लिहितेय.

काल आई कपड्यांच्या घड्या घालताना म्हणाली, "तुझं अक्षर फार बिघडलंय म्हणे."

मी म्हटलं, "कोण म्हणे?"

ती म्हणाली, "कुणी नाही." आणि मोज्यांच्या जोड्या लावायला लागली. दोन वेगळ्या मोज्यांची जोडी लावली.

म्हणजे तू वाचतेस. आणि वाचूनही तू आईला फुल्यांचं सांगितलेलं नाहीस, नाहीतर ती माझ्या पोटावर हात ठेवून गाठ शोधत बसली असती. लहानपणी मी काचेचा जग फोडला तेव्हाही तू सांगितलं नव्हतंस.

अक्षर बिघडलंय कारण मी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिते. टेबलावर प्लास्टर सांडलेलं असतं. सुधारते.

धाकटी

११ एप्रिल

ताई,

आज सुट्टी आहे, घरीच लिहितेय, जेवणाच्या टेबलावर. अक्षर बघ.

काल संध्याकाळी लॅबमधून आले. पिशवी ठेवली, हात धुतले, दारामागचा टॉवेल ओढला. आणि कॅलेंडरवर दहा तारखेला ठिपका. गोल. बारीक, पण गोल.

मला वाटलं तू आलीस.

हसू नकोस. ठिपका तुझा आहे, दुसरं कोण काढणार? मला क्षणभरही शंका आली नाही. मोरीत दोन कप होते. आई बाल्कनीत पाठ करून बसली होती. मला वाटलं तू तिला भेटून गेलीस, मी यायच्या आत, आणि जाताना दारामागे हजेरी लावून गेलीस. किंवा गेली नाहीस, खाली काही आणायला गेली आहेस. मी कुणाला विचारलं नाही. विचारलं तर आई "कुणी नव्हतं" म्हणाली असती. मी तो निळ्या काठाचा कप काढला, तुझा, तो वर ठेवलाय, स्टुलावर चढून काढला आणि घासला. केस विंचरले. मग खाली स्टॉपपर्यंत जाऊन आले. बस आली, तिच्यातून एक म्हातारा आणि छत्री घेतलेली एक बाई उतरली. तू नव्हतीस. मी दुसऱ्या बसची वाट बघितली.

ताई, कितीतरी दिवसांनी काहीतरी वाटलं. आनंदच होता तो. मी घाबरले होते आणि मला आनंद झाला होता.

वर आले तर भिंगरी बाथरूममधून बाहेर येत होती. मी विचारलं, "मावशी कुठे गेली?"

ती म्हणाली, "कुठली मावशी?"

"ठिपका कुणी काढला मग?"

ती आता बारा वर्षांची आहे, उंच झाली आहे, तुझ्यासारखीच अंगठ्याने जमीन उकरते. मग म्हणाली, "माझा आहे तो."

मला कळायला वेळ लागला. मी म्हटलं, "तुझा म्हणजे?" आणि मग कळलं. मी तिथेच स्टुलावर बसले. ती म्हणाली, "शाळेतच झालं. बाईंनी सगळं दिलं. आजीला सांगितलं नाही. तू घरात नसलीस की खूण करायची असते ना? आजी तसं म्हणते."

मी तिला जवळ घेतलं. तिला फारसं आवडलं नाही, पण तिने सोडवून घेतलं नाही. मग माझ्या खांद्यात तोंड घालून म्हणाली, "आई, तुझ्या फुल्या खोट्या आहेत ना?"

"कुणी सांगितलं?"

"कचरा मीच खाली नेते. त्यात कधीच काही नसतं." थोड्या वेळाने म्हणाली, "तू आजारी आहेस का? मला वाटलं आजारी आहेस आणि सांगत नाहीस."

किती महिने हे पोर असं समजून कचऱ्याची पिशवी खाली नेत होतं, ताई. मी तिला सांगितलं. सगळं, साध्या शब्दांत. आत काय बसवलंय, ते कसं असतं, त्याने पाळी का थांबते, साठतच नाही तर पडणार काय. हे तिला पटलं, मला जेवढं पटलं होतं त्याहून लवकर. मग आईला बाल्कनीतून आत बोलावलं आणि तिलाही सांगितलं. आई बराच वेळ कॅलेंडरकडे बघत राहिली. म्हणाली, "म्हणजे मी वर्षभर उगाच निर्धास्त होते?" मी म्हटलं, "उगाच नाही. निर्धास्तच राहा. दवाखान्यात दाखवून झालंय." तिने तरी माझ्या पोटावर हात ठेवून बघितलाच. पेन घेतलं आणि माझ्या ह्या वर्षीच्या चारही फुल्यांवर रेघ मारली, एकेक करून, बिल चुकलं की मारतात तशी. मी मारू दिली. आता माझी जागा कोरी आहे. एक तारखेला पट्टी आणीन की नाही, माहीत नाही. बघू.

मग भिंगरीला विचारलं, "ठिपका का काढलास? फुली का नाही?"

"फुली तुझी आहे. ठिपका रिकामा होता."

आई म्हणाली, "रिकामा कसला? तुझ्या मावशीचा आहे तो."

भिंगरी आमच्या दोघींकडे बघायला लागली. म्हणाली, "मग मावशीला विचारायला हवं होतं ना?"

आई उठून गॅसपाशी गेली.  मला रडू आलं, ताई. स्टुलावर बसून, जवळजवळ दोन वर्षांचं एकदम. भिंगरीला वाटलं तिचंच काही चुकलं, खोडरबर आणायला धावली. कारण ठिपका तिने पेन्सिलीने काढलाय. दोरीचं पेन मोठ्यांचं असतं असं तिला वाटतं. मी खोडू दिला नाही.

तिला रात्री पोटात दुखलं. गरम पाण्याची पिशवी दिली, टॉवेलात गुंडाळून, तू शिकवलंस तशी. पहिलं वर्षभर तारखा मागेपुढे होतात, घाबरायचं नाही, हेही तू मला सांगितलेलं तसंच सांगितलं. पुढची तिची खूण मे महिन्यात कधीतरी येईल.

त्या ठिपक्याने तुला किती रडवलंय ते मला ठाऊक आहे. आता तुला त्याचा उपयोग नाही म्हणून मागतेय असं समजू नकोस. हिला ती खूण आवडली आहे एवढंच. तू हो म्हणालीस तर ती पेनाने गिरवेल. नाही म्हणालीस तर खोडरबर आहे, ती चौकोन काढेल, तिला चौकोन चांगला येतो. मी दोन्हीला तयार आहे. निळा कप खालीच ठेवलाय.

ठिपका तुझा आहे. तो तिला देशील का? ह्या वेळी विचारतेय.

धाकटी